वाळूवरची पावलं

गॅरेजपाशी जळक्या तेलाचा वास आला, की धुळ्याबाहेरचं गोल्फचं मैदान आठवतं. आमच्या उन्हात हिरवळ टिकत नसे, म्हणून चेंडू घालायच्या खळगीभोवती तेलात कालवलेली वाळू पसरलेली असे. खेळून झालं, की लाकडी फळी ओढून आपली पावलं पुसायची, मागून येणाऱ्याला वाळू सपाट मिळाली पाहिजे, हा तिथला रिवाज. गोरे साहेब गेले, तरी आम्ही नवे अधिकारी तो पाळत होतो.

त्या सकाळी मी हरलो. जिंकलेल्या मित्राशी हातही न मिळवता तरातरा निघालो. म्हातारे माळी आबा फळी पुढे करत म्हणाले, "साहेब, फळी ऱ्हायनी."

"मग तुम्ही कशाला आहात?"

"हां साहेब. मी शे ना."

फळी ओढत ते उलटे चालू लागले. आधी माझी पावलं पुसली गेली, मग त्यांची. पुढच्या आठवड्यापासून माझं पाहून एकही अधिकारी फळीला हात लावेना.

आता जिन्यात पोरं मला ढकलून पुढे जातात. बायको चिडते, "काही रीतभात उरली नाही!"

मी मागे वळून जिन्यातल्या धुळीत उमटलेली माझीच पावलं बघतो.