बारा पाट्यांचा ठराव

जीपच्या मागच्या कमानीला, म्हणजे स्प्रिंगला, किती पोलादी पाटे घालायचे हे आमच्या मंडळाने हात वर करून ठरवले, आणि तो ठराव मी लिहिला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झाले त्याचा दोष मी मिस्त्रीवर, रस्त्यावर आणि सरकारवर टाकून पाहिला आहे, तो कुठेच नीट बसत नाही.

जीप लढाईतली, लष्करी लिलावातून आलेली. पिंपरीच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या आम्ही काही जणांनी मंडळ काढून ती मिळून घेतली होती. मी गुदामात कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी ती चालवायचो. चाकणच्या पलीकडे चार गावांना दवाखाना नव्हता. तिथे एक नर्सबाई आमच्याबरोबर येत. पन्नाशीच्या, इस्पितळातली नोकरी संपवून घरी बसलेल्या, फार न बोलणाऱ्या. जाताना गाडीत औषधांच्या पेट्या, पाण्याचे पिंप, घडीची लोखंडी खाट, मुलांसाठी दूध पावडरीची पोती, शिवाय मी लिहिलेल्या पत्रकांचे गठ्ठे. येताना गाडी रिकामी. कोणी चालू शकत नसेल तर त्याला त्याच गाडीतून पुण्याच्या इस्पितळात पोचवायचे. नाहीतर त्या गावांना बैलगाडीखेरीज दुसरे साधन नव्हते.

एवढ्या ओझ्याने मागची कमान बसली. पाटे सरळ झाले, मग उलटे वाकले. मोशीच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडीचे बूड दणकन आपटले आणि बाईंच्या मांडीवरच्या पेटीतली निम्मी इंजेक्शने फुटली.

दापोडीला रेल्वेलाइनीच्या कडेला एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रींचे दुकान होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. ते गाडीखाली शिरले आणि तिथूनच त्यांनी विचारले, जाताना काय भरता आणि येताना काय भरता. येतानाचा प्रश्न मला फालतू वाटला. मी जातानाची यादी सांगितली, आणि यादीबरोबर त्या गावांतल्या मुलांच्या हाडांची स्थितीही सांगितली. चाचा म्हणाले, मुळात नऊ पाटे आहेत, नऊच घाला, पण नवे, चांगल्या कमानीचे. आणि ओझे थोडे उतरवा. मी चिडलो. काय उतरवू, मुलांचे दूध? तिथे उभा राहून मी त्यांना बरेच ऐकवले. त्यांनी ते ऐकत ऐकत एक नट सोडवला.

सभेत कोणी दहा म्हणाले, कोणी अकरा. गाडीखाली आमच्यातले कोणीच शिरलेले नव्हते. मी उठून म्हणालो की श्रीमंताच्या मोटारीला मऊ गादी लागते, आपल्या गाडीला ताकद लागते. टाळ्या पडल्या. बारा पाटे, तेही जाड, एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानीतले कापून घ्यावेत, असा ठराव मंजूर झाला. बाईंना कोणी विचारले नाही. त्या मंडळाच्या सभासद नव्हत्या आणि बाहेरच्या माणसाला मत नव्हते. हा नियम घटनेत होता, आणि घटनाही मीच लिहिली होती.

चाचांनी ठरावाचा कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि बारा पाटे चढवले.

भरलेली गाडी झकास चालली. भोसरीच्या पुढे मी जोरात गाणे म्हणत होतो. परत येताना मात्र रिकामी जीप प्रत्येक दगडावरून उडायला लागली. कमान दबतच नव्हती. पाटे कसले, पहारी होत्या त्या. बाई मागच्या बाकावर दोन्ही हातांनी दांडा धरून बसल्या होत्या. दुसऱ्या फेरीला त्यांनी वाटेत गाडी थांबवायला सांगितली आणि फर्लांगभर चालल्या. पाठ मोकळी करते, म्हणाल्या. मला वाटले, वय झाले.

तिसऱ्या फेरीला शेवटच्या गावात सामान उतरवले, दूध वाटून झाले, तेव्हा एक म्हातारी बाईंना हाताला धरून घरी घेऊन गेली. तिची सून आदल्या दिवसापासून अडली होती. बाई बाहेर आल्या त्या पदराला हात पुसतच. मूल आडवे होते. पुण्याला नेल्याशिवाय सुटका नव्हती, आणि संध्याकाळ व्हायच्या आत. मी गाडी दाराशी आणली.

बाई जीपकडे बघत उभ्या राहिल्या.

“ह्या गाडीत मी तिला घालणार नाही,” त्या म्हणाल्या. “चाकणपर्यंतसुद्धा टिकायची नाही ती पोर.”

मी म्हणालो, हळू चालवतो. त्या म्हणाल्या, हळू चालवूनही मला काय होते ते मला ठाऊक आहे, आणि माझ्या पोटात मूल नाही. मी बैलगाडीचे नाव काढले. पुण्याला पोचायला रात्र उलटली असती. मी घड्याळाचा, अंतराचा हिशेब मांडायला लागलो. मला भांडायचे होते आणि समोर भांडायला कोणी नव्हते. म्हातारी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“व्हय रं बाबा, दवाखान्याची गाडी म्हनत व्हता न्हवं? मग ती दवाखान्यात का जाईना?”

मी गाडीचे इंजिन बंद केले.

तोड बाईंनीच काढली. गावाकडे निघताना भरलेली होती तेव्हा बरी चालत होती, त्या म्हणाल्या. मग पुन्हा भरा. काय भरणार? दूध घराघरांत गेले होते. गावात कांदा निघाला होता, खळ्यावर पोती शिवून ठेवली होती. चार गड्यांनी एकेक पोते उचलून जीपमध्ये रचले. बाई मागचे टायर, कमान बघत होत्या आणि “आणखी एक” म्हणत होत्या. कमान जरा लवली तेव्हा त्यांनी पुरे म्हणून हात केला. वर पेंढा, पेंढ्यावर वाकळा, त्यावर ती पोर. खळ्यावरचा एक जण मला म्हणाला, “राव, बाळंतीण न्यायची हाय का कांदा इकायचाय?” सगळे हसले. म्हातारीही हसली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सबंध रस्ता मी दुसऱ्या गियरच्या वर गेलो नाही. बाई वाकळेवर तिच्याजवळ बसून होत्या. चाकण गेले, मोशी गेली. गाडी सुरेख चालत होती, आणि ज्या ओझ्यासाठी हे पाटे घातले ते ओझे नसताना मी दुसऱ्याचे ओझे मागून आणले होते, ह्याचा मला प्रत्येक मैलाला संताप येत होता. इस्पितळाच्या फाटकावर पहारेकऱ्याने गाडी अडवली. कांद्याची गाडी इथून नाही, भटारखान्याचा दरवाजा मागे आहे. मी त्याला हक्क, नागरिक, स्वतंत्र देश असे काहीतरी बोलत होतो, तेवढ्यात बाईंनी वाकळ बाजूला केली आणि तो मुकाट्याने सरकला.

मुलगी झाली. दोघी वाचल्या.

कांदा परत पोचवून मी दापोडीला गेलो आणि चाचांना म्हणालो, तुम्हाला दिसत होते ना, मग सांगितले का नाही?

“सांगितलं होतं,” ते म्हणाले. “पण तुम्ही विचारायला कुठे आला होता, भाई? तुम्ही ठराव घेऊन आला होता.”

ह्या वेळी मी सभेला न विचारता नऊ पाटे घालून घेतले आणि बाईंना मागच्या बाकावर बसवून रिकामी गाडी भोसरीपर्यंत नेली. चालेल, त्या म्हणाल्या. मग चाचांच्या दुकानापुढे आम्ही नेहमीचे सगळे सामान भरले आणि कमान पुन्हा जवळजवळ सरळ झाली. मी चाचांकडे बघितले. त्यांनी खांदे उडवले. दहा घातले तर जाताना बरे, येताना त्रास. आठ घातले तर उलटे. भरल्या गाडीला आणि रिकाम्या गाडीला दोन्हीकडे पुरेल असा पाट्यांचा आकडा त्यांच्याकडे नव्हता. मला तो हवा होता, आणि नाही हे मला अजून पटत नाही.

“पाटे नऊच ठेवा,” बाई म्हणाल्या. “मी निम्मं सामान नेणार. आणि कुठलं निम्मं, ते मी सांगणार.”

पत्रकांचे गठ्ठे त्यांनी पहिल्यांदा उतरवले, त्याचे मला काही नाही. पण मग त्यांनी दुधाची पोतीही मोजून अर्धी खाली ठेवली. चार गावांपैकी दोन गावांना आता एका आठवड्याला दूध मिळते, उरलेल्या दोन गावांना पुढच्या. दर सुट्टीला सकाळी मी गाडी सुरू करतो तेव्हा मंडळाच्या ओसरीवर ती पोती तशीच भिंतीला टेकून असतात. बाई मागे बसून चला म्हणतात, आणि मी निघतो.