गंजलेला नट

मुलीचा दुपारी लातूरला पेपर होता आणि लोह्याजवळ गाडी पंक्चर झाली. चाकाचा एक नट इतका गंजलेला, की पान्यानं त्याच्या कडाच झिजल्या. शेजारच्या गॅरेजमधले म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी नटावर डिझेल सोडलं, वर लहान सॉकेट-पाना ठोकून बसवला आणि नट आवळायला लागले.

“चाचा, सोडायचाय ना?” मी म्हणालो.

“हाव. गंजलेला नट आधी जरा आवळावा, मग सुटतोय. नुसताच ओढला तर आतला स्टड बोल्ट तुटतोय.”

करकर आवाज झाला आणि नट फिरला. स्टड शाबूत होता. चाचांनी कुस्ती मारल्यागत दंड थोपटला. मुलगी कितीतरी वेळानं हसली.

ती केंद्रात शिरली तेव्हा फाटक बंद व्हायला दहा मिनिटं होती.