नुसत्या पावडरीच्या कुंड्या

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी कोऱ्हाळ्याहून एस.टी.नं बारामतीला कॉलेजला यायचे. आमच्या विभागाच्या मागच्या अंगाला संशोधनाची प्रयोगशाळा होती. विद्यापीठाची मान्यता असलेली, त्यामुळे तिथं तीन-चार जण पीएच.डी. करत होते आणि एक मॅडम त्यांच्या मार्गदर्शक होत्या. आम्ही पदवीची मुलं त्या दारावरून जाताना आपोआप हळू बोलायचो. आत शिरायला वर्गात पहिला नंबर लागतो, ओळख लागते, असं सगळेच सांगायचे. विचारायला मात्र कुणीच गेलेलं नव्हतं.

मी गेले ते दाराबाहेरच्या पोस्टरमुळं. त्यावर पांढरं मीठ फुटलेल्या जमिनीचा फोटो होता. इंदापूर तालुक्यात माझ्या मावशीच्या रानाचा एक तुकडा अगदी तसाच होता. तिथं ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा.

"मॅडम, मला इथं काम करायचंय," मी दारातूनच म्हटलं.

त्यांनी मार्क विचारले नाहीत. "आम्ही काय करतो ते माहीत आहे?"

"बाहेरचं पोस्टर वाचलं."

"त्यातलं काय कळलं नाही?"

"फोटो सोडून काहीच नाही कळलं."

त्या मोकळेपणानं हसल्या आणि एक छापील शोधनिबंध हातात दिला. "हा वाच. अडशील तिथं पेन्सिलीनं खूण कर आणि मग ये. सगळं कळलं म्हणून सांगायला येऊ नकोस."

आठवडाभर मी डिक्शनरी घेऊन बसले. परत गेले तेव्हा पानं खुणांनी भरली होती. मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि एकेक खूण घेऊ लागल्या. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "हे मलाही नीट माहीत नाही." शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी आत होते. सुरुवातीला काचसामान धुवायचं, सुकवायचं, वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये निर्जंतुक करायचं. पीएच.डी. करणारी एक ताई मला शिकवायची. जिवाणू वाढवायच्या काचेच्या बश्या असतात, माझ्या पहिल्या सगळ्या बश्यांवर बुरशी आली. वाटलं, आता घरी पाठवतील. ताईनं बशी उजेडात धरली. "कडेनं वाढलीय बघ. म्हणजे झाकण जास्त उघडतेस." एवढंच बोलली आणि नव्या बश्या पुढं ठेवल्या.

घरी वडिलांनी विचारलं, "तितं दिवसभर काय करत्यात गं? आपल्या उसाचं काय हाय का त्यात?"

"व्हय तात्या, उसाचंच हाय," मी सांगितलं.

खरंच होतं ते. खारट जमिनीत तग धरणारे जिवाणू मॅडमनी इंदापूरकडच्या मातीतून शोधले होते. ते कंपोस्टच्या पावडरीत मिसळून मातीत घातले की ऊस चांगला फुटतो, असं कुंड्यांमधल्या प्रयोगात दिसलं होतं. ताईचा सगळा प्रबंध त्यावरच उभा होता.

एकदा कुंड्यांना पाणी घालताना मी सहज विचारलं, "ताई, या कुंड्यांत पावडर आणि जिवाणू आहेत, त्या दुसऱ्यांत काहीच नाही. मग नुसती पावडर घातली तर काय होतं?"

ताईनं पाण्याचा मग खाली ठेवला. "हे मॅडमना विचार," ती म्हणाली.

मी घाबरतच विचारलं. मॅडमनी प्रयोगाची वही पुढं ओढली. "हे आधीच करायला हवं होतं. आता करू. कुंड्या तूच लाव."

नुसत्या पावडरीच्या कुंड्यांतला ऊस जिवाणूवाल्या कुंड्यांइतकाच तरारून आला. मॅडमनी प्रयोग पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी कुठल्या कुंडीत काय आहे ते मोजणाऱ्याला कळू दिलं नाही. निकाल तोच आला. ताई उठून बाहेर गेली. तिच्या इतक्या वर्षांच्या कामाला मीच नख लावलं होतं. ती तोंड धुऊन परत आली आणि म्हणाली, "आता पावडरीत नेमकं काय आहे ते बघायला लागणार. माती मी चाळते, तू कुंड्या धू."

त्याच सुमारास इंदापूर तालुक्यातल्या एका गावात शेतकऱ्यांचा मेळावा ठरलेला होता. तिथं मॅडम या जिवाणूंविषयी बोलणार होत्या. मला वाटलं, आता त्या जाणार नाहीत. त्या गेल्या, आणि आम्हा दोघींनाही बरोबर घेतलं. मंडपात माइक हातात घेऊन त्यांनी सरळ सांगितलं, "मागच्या वेळी मी तुम्हाला म्हणाले होते की हे जिवाणू घातले की ऊस सुधारतो. तसं दिसत नाही. आमची तपासणी अपुरी होती. या मुलीनं प्रश्न विचारला म्हणून ते लक्षात आलं."

सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. मला कुठं लपू असं झालं. पुढच्या रांगेतले एक आबा उठले. "मग मॅडम, आमी काय करायचं? घालायचं का न्हाय?"

"आत्ता मी घाला म्हणणार नाही, आबा. कंपोस्टचा उपयोग होतोय असं वाटतं, पण तेसुद्धा कुंडीत. रानात बघायचं राहिलंय."

"मग माझ्या रानात बघा की! हाय की पांढरा पडलेला पट्टा."

त्यांच्यामागं आणखी दोघांनी हात वर केले. मॅडमचा चेहरा इतका उजळलेला मी त्यांना विद्यापीठाचा पुरस्कार मिळाला तेव्हासुद्धा पाहिला नव्हता.

ताईचा प्रबंध लांबला, पण झाला. आबांच्या पट्ट्यात कंपोस्ट घातलं, कडेनं चर काढून खारं पाणी बाहेर सोडलं, तेव्हा दुसऱ्या वर्षी ऊस कमरेच्या वर गेला. त्यावरच्या शोधनिबंधात मॅडमनी माझंही नाव घातलं. "मी फक्त विचारलं होतं," असं मी म्हणाले, तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "फक्त विचारायचं कुणाला सुचलं होतं इथं?"

आता मी स्वतः पीएच.डी. करते आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या मार्गदर्शकांकडं. एखादा निकाल फार मनासारखा आला की मी आधी मॅडमना फोन लावते. त्या शांतपणे ऐकून घेतात आणि मग विचारतात, "आणि तो चुकीचा असेल तर कसं कळेल?" तासभर आमचं तेवढंच चालतं.