गावी गेलेल्यांचे वाटे

आमच्या कामतघरच्या चाळीखाली अंगणवाडी आहे. तिथल्या ताई गुडघा दाबत खाली बसतात आणि कापडाच्या लूमवरच्या सुताच्या रिकाम्या कांड्या मुलांपुढे ओततात. "सगळ्यांना सारख्या वाटा रे," म्हणतात, नेहमीच्या दमलेल्या आवाजात. उरलीच एखादी, तर "ती माझी," म्हणून मांडीखाली सारतात.

लूम बंद पडायला लागले, तशी घरंच्या घरं गावी निघाली. एकदा वाटे मांडताना एका मुलीनं विचारलं, "ताई, शबनम तो गाव गई. उसको क्यूं?"

"येईल ती. तिचाही वाटा काढ."

आज मी सहज डोकावलो. वाटे दारापर्यंत मांडलेले होते. पुढ्यात मुलं दोनच.

"सारखे झाले ना?" ताईंनी विचारलं.

दोघांनी माना डोलावल्या.