मोरीबाईंनी लावलेली ओळ

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते नका विचारू.

२०१५ साली मी जर्मनीत, रेगेन्सबर्गला पीएचडी करत होते. विषय होता शोगुनांच्या, म्हणजे लष्करी सरदारांच्या राज्यातला जपान. त्यांनी देशाची दारं लावून घेतली होती. बाहेर गेलेल्याला परत यायला बंदी. वादळात वाहून गेलेला कोळीसुद्धा परतला तर त्याची चौकशी — ख्रिस्ती होऊन तर आला नाही ना? अशाच एका कोळ्याची जबानी माझ्या हाती लागली. पण ती जुनी, लपेटदार लिपी — मला छापील जपानी यायचं, ते नाही. हे प्रोफेसरांना कसं सांगणार? नाहीच सांगितलं.

खालच्या मजल्यावर मोरीबाई राहायच्या, मूळच्या जपानच्या. ऐंशीच्या पुढे वय, जर्मन नवरा वारलेला. ती लिपी त्या लहानपणी वडिलांकडे शिकल्या होत्या. वर्षभर दर शनिवारी त्या वाचायच्या, मी लिहून घ्यायचे. शाई फुटलेल्या एका ओळीपाशी तर तीन आठवडे अडल्या. मग एका सकाळी जिना चढून धापा टाकत आल्या. "लागली, किंड, लागली!" मला त्या किंडच म्हणायच्या — बाळ.

कोळी म्हणत होता, माझ्या मुलीला सांगा, बाप समुद्रातच मेला. बाटून आलेल्या बापाच्या लेकीला कोण करून घेणार?

माझा सगळा प्रबंध त्या ओळीवर उभा राहिला.

तोंडी परीक्षेला मोरीबाईंना मीच बोलावलं होतं. ठेवणीतला करडा कोट घालून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. परीक्षकांनी विचारलं, "ही ओळ लावली कोणी?"

"मीच."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. धक्का बसला तो त्याचाच — अजून बसतो. इतकं सोपं असतं? मला वाटलं, त्या आता उठतील. बोलतील काहीतरी. मी मान वर केली, तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

बाहेर किंचित वाकून म्हणाल्या, "अभिनंदन, फ्राउ डॉक्टर." डॉक्टरबाई.

त्या शनिवारी मी गेले नाही. नंतरही नाही. दोन वर्षांनी त्या वारल्या, ते मला त्यांच्या दारावरच्या चिठ्ठीवरून कळलं.

प्रबंधाचं पुस्तक तोवर छापून झालं होतं. आभाराच्या पानावर मोरीबाईंचं नाव आहे. शेजारीण म्हणून — चहाबद्दल. ते शब्द मी विचार करून निवडले होते.