आत्याला वाचून दाखवलेली आसरांची कादंबरी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या सुजाण वाचकांसमोर एक अत्यंत गंभीर बाब मी जड अंतःकरणाने मांडत आहे. मराठी कादंबरीतल्या भुतांचा दर्जा घसरला आहे. हे ऐकीव माहितीवर बोलत नाही. शाळेतल्या नोकरीतून आणि संसारातून उरलेला सगळा वेळ मी काळोख्या, गूढ, लोककथांतून उचललेल्या कादंबऱ्यांत घालवला आहे. सांगलीतल्या माझ्या वाचनालयात नवीन हडळ आली की ग्रंथपालबाई ती माझ्यासाठी टेबलाखाली बाजूला काढून ठेवतात.

घसरणीची लक्षणं सांगते. नायक पुण्याहून येतो. साताऱ्याकडचं खंडाळा ओलांडलं की त्याची गाडी बंद पडते. तिथे कंदील घेतलेला एक म्हातारा उभाच असतो, ‘साहेब, तिकडं जाऊ नका’ एवढं सांगायला. त्याला दुसरं काही कामधंदा नसतो. भर मे महिन्यात धुकं पडतं. गावात कोणाकडे मोबाईल नसतो आणि रात्री शिवारात चिटपाखरू नसतं. आमच्याकडे शेतीची वीज येते रात्रीची. उसाला पाणी पाजायला निम्मं गाव बॅटऱ्या घेऊन रानात असतं, आणि सगळे घाबरतात ते बिबट्याला. एखाद्या मुंजाने यायचं ठरवलं तर बिचाऱ्याला बांधावर उभं राहायला जागा मिळायची नाही.

माझं मत असं की भूत शेवटपर्यंत भूतच राहिलं पाहिजे. तीनशे पानं मला घाबरवून शेवटच्या प्रकरणात जो लेखक सांगतो, की विहिरीवरची पांढरी बाई म्हणजे कारखान्याचा मॅनेजर होता, त्याला मी माफ करत नाही. रहस्य उलगडलं की पुस्तक रद्दीत जमा. हे मत मी स्टाफरूममध्ये मांडलं आहे, लग्नाच्या पंगतीत मांडलं आहे, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांसमोर तोंड उघडं असतानासुद्धा मांडलं आहे.

या विषयात माझ्यापेक्षा अधिकारी माणूस मी एकच पाहिलं. माझी कुंडलची आत्या. तिला लग्न करून गावातल्या गावातच दिली होती. पुढे नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती माहेरी परत आली आणि आता माझ्या धाकट्या भावाच्या संसारात राहते. शाळा सातवीपर्यंतची. गावातल्या ग्रंथालयातली भुताखेतांची सगळी कपाटं तिने केव्हाच संपवली, म्हणून सांगलीहून येताना मी पेढ्यांऐवजी पुस्तकं आणायची, असा आमच्यात करार होता.

तिचे निकाल कडक असत. भूत पहिल्याच पानावर दिसलं की पुस्तक परत. “पावनं आल्या आल्या ताटावर बसल्यागत झालं,” म्हणायची. भुताला मोठमोठी वाक्यं दिली की परत. आणि सगळं झाल्यावर तो नायिकेच्या मनाचा भास होता असं निघालं, तर पुस्तक नुसतं परत नाही, फेकून. “भास म्हनं. ती पोरगी वरडत हुती ती काय गंमत म्हणून?”

गेल्या मे महिन्यात तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यावर पडदा होताच. काळा चष्मा, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाचायचं तर अजिबात नाही. शाळेला सुट्टी होती म्हणून मी कुंडलला जाऊन राहिले. दुपारची जेवणं झाली की सोप्यात पंख्याखाली मी तिला वाचून दाखवायचे. आवाज काढून, हातवारे करून. माझ्यासारख्या बाईला गप्प बसून ऐकणारा श्रोता मिळणं म्हणजे काय, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

त्या वेळी मी एक नवी कादंबरी नेली होती. मागच्या मुखपृष्ठावर लिहिलं होतं, साती आसरांच्या लोककथेवर आधारित. पुस्तक आधी वाचून बघायचं नाही, ऐकणाऱ्याबरोबरच घाबरायचं, हा माझा नियम. त्यामुळे दुसऱ्या प्रकरणात तरणी मुलगी भर दुपारी विहिरीवर जाते आणि परत येत नाही, हे मला वाचतानाच कळलं आणि मी थांबले.

कारण आत्याची थोरली बहीण अशीच गेली होती. मी तिला पाहिलेलं नाही. माझे वडीलही तेव्हा रांगत होते. लग्नाच्या वयाची मुलगी, आमच्याच मळ्यातल्या विहिरीवर दुपारी गेली आणि संध्याकाळी पाण्यावर सापडली. पोहायला तिला चांगलं येत होतं. घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, आसरांनी ओढली. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. भर दुपार ही त्यांची वेळ, आणि आवडलेली पोर त्या आपल्यात घेऊन जातात. झालं, विषय तिथे संपला. विहिरीच्या काठावर सात दगड मांडले, त्यांना शेंदूर लावला. तेव्हापासून वर्षातून एकदा तिथे दहीभात आणि हिरव्या बांगड्या ठेवायच्या, ते काम आत्याने कधी दुसऱ्याला करू दिलेलं नाही. माझ्या भावजयीने दगड धुवायच्या पाण्याची बादली धरलेलीसुद्धा तिला चालत नाही.

“थांबलीस का?” आत्या म्हणाली.

“दुसरं वाचू का? हे जरा कंटाळवाणं आहे.”

“मला कंटाळा आला म्हंजे मी सांगीन. वाच.”

वाचलं. आणि मान्य करायला हवं, लेखकाला काम येत होतं. त्याच्या आसरा किंचाळत नव्हत्या. पाणी नुसतं स्थिर होतं, कठड्यावर ओली पावलं उमटून वाळत होती, आणि घरातली माणसं त्या मुलीचं नाव घ्यायचं टाळत होती. भीती आणायला याहून जास्त काही लागत नाही. आत्या उशीला टेकून, काळा चष्मा छताकडे लावून ऐकायची. मध्येच म्हणायची, “ह्यानं इहीर बघितल्याली हाय.” एकदा तिने विचारलं, “त्या पोरीच्या आयनं काय बगितलं न्हाई व्हय?” मी म्हटलं, अजून तसं काही आलेलं नाही. “येईल,” ती म्हणाली.

त्या ‘येईल’ने मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आत, माझा नियम मोडून मी शेवट वाचून काढला. मुलीला आसरांनी नेलेलं नव्हतंच. तिने स्वतःच्या मनाने एका मुलाशी लग्न ठरवलं होतं, मुलगा दुसऱ्या जातीचा होता, आणि तिच्या सख्ख्या चुलत्याने तिला विहिरीत ढकललं होतं. मग घरातल्यांनी बसून आसरांची गोष्ट जुळवली आणि पिढ्यान् पिढ्या नैवेद्य दाखवला.

मी पुस्तक घेऊन गोठ्यात भावाकडे गेले. तो फौजेतून निवृत्त झालेला, म्हशीचं दूध काढत होता. त्याला सगळं सांगितलं.

“मग हितंच फिनिश कर की,” तो म्हणाला. “लायब्ररीनं परत मागवलं म्हणून सांग.”

“मधेच सोडलेलं तिला चालत नाही. ती मला सांगलीला पिटाळेल, दुसरी प्रत आण म्हणून.”

“मग शेवट बदल. तुला काय अवघड हाय? शाळेत लेट गेल्यावर सांगतीस त्या काय कादंबऱ्याच असत्यात.”

“लेखकाचा शेवट बदलायचा नसतो रे.”

त्याने बादली बाजूला ठेवली. “ताई, म्हातारीनं सबंद आयुष्य त्या दगडास्नी बांगड्या घातल्या. भण आसरांच्यात हाय, सुखात हाय, येवढंच तिच्याकडं हाय. तेवढं काढून घेणार आन त्या जागी काय देणार तू? लेखकाचा शेवट?”

माझ्यासारख्या ज्या बाईने उभा जन्म उलगडलेल्या रहस्यांना नावं ठेवली, तिच्यावर आता रहस्य न उलगडू देण्याची जबाबदारी आली होती. माझ्याच मताप्रमाणे वागायचं होतं, आणि तरी ते लबाडीचं वाटत होतं.

दुपारी मी शेवट रचला. आणि सांगते, तो अप्रतिम होता. विहिरीचं पाणी हळूहळू काठापर्यंत चढलं. सात बहिणी केस मोकळे सोडून वर आल्या आणि त्यांच्यामध्ये ती मुलगी, हिरव्या लुगड्यात, हसणारी. आई धावत गेली तर मुलगी म्हणाली, रडू नकोस, मी इथे बरी आहे. पानं उलटण्याचा आवाज बरोबर ठिकाणी केला. शेवटच्या वाक्याला आवाज खाली आणला आणि बोट आत ठेवूनच पुस्तक मिटलं. भाऊ दारात उभा होता, त्याने मान डोलावली.

आत्याने बोटांवर काहीतरी मोजलं.

“आसरा सात असत्यात,” ती मग म्हणाली. “आठवी कुठनं आली?”

“ही मुलगी मिळून आठ.”

“कुनाला इचारून?”

“आत्या, कादंबरी आहे ती.”

“आन ते पुस्तक इकडं.” तिने हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. मी जिथे बोट घालून ठेवलं होतं तिथेच तिने ते धरलं आणि उरलेली पानं अंगठ्याने चाचपली, लुगड्याचा पोत बघावा तशी. “येवढी पानं हायती अजून. ह्यात काय हाय? जाहिराती?”

भाऊ म्हणाला, “आत्या, डोळ्याला तान पडंल. आता झोप जरा.”

“कानानं ऐकाय डोळ्याला कसला तान? तू म्हशी बघ जा.” तो गेला नाही. तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. “तू सोंग लय झ्याक करतीस, बाई. पर ते तुझं हुतं. त्यानं काय लिवलंय ते वाच.”

मी भावाकडे पाहिलं. त्याने नजर वळवली. मग मी वाचलं. या वेळी आवाज काढले नाहीत, हात हलवले नाहीत. चुलता मळ्यात आधीच जाऊन थांबला होता ते वाचलं. मुलीने कठड्याला धरलेली बोटं वाचली. रात्री घरात बसून मोठ्या माणसांनी काय सांगायचं ते ठरवलं आणि आईने डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला, तेही वाचलं. वीज गेली, पंखा थांबला, सोप्यात उकडायला लागलं, पण कोणी उठलं नाही. वाचताना मला वाटत होतं की मी एकेक दगड उचलून विहिरीत टाकते आहे.

संपल्यावर मी वर बघितलं नाही. आत्याने चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या आणि पुन्हा घातला.

“त्या चुलत्याचं पुढं काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही. कोणाला कळत नाही. म्हातारा होतो आणि घरातच मरतो. शेवटचं पान त्याच्या तेराव्याचं आहे.”

भाऊ दार सोडून एक पाऊल आत आला. आत्याने आमच्या दोघांकडेही तोंड वळवलं नाही. एका पुस्तकाशी दुसरं ताडून बघावं तसं, पटकन तिच्या तोंडून निघून गेलं:

“आमचा चुलता बी तसाच गेला की, अंथरुणात. पाय मीच चेपीत हुते.”