डॉक्टरांना काय सांगायचं

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई वाचनालयाच्या मागच्या खोलीत परदेशातून आलेल्या लोकांना इथली भाषा शिकवू लागल्या. आयुष्यभर व्याकरण शिकवलेलं, म्हणून इथेही तेच. राजा शिकार करतो, राजाने शिकार केली, राजा शिकार करेल. सगळा वर्ग एका सुरात घोकायचा. आणि बाहेर पडल्यावर हीच मंडळी बेकरीत नुसतं बोट दाखवून पाव घ्यायची. एकदा बाई मागेच रांगेत उभ्या होत्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

वर्गात एक शिंपीण होती. हात चपळ, तोंडाला मात्र कुलूप. पोस्टात, बसमध्ये, शाळेतसुद्धा तिच्या वतीने तिची दहा वर्षांची लेक बोलायची. एक दिवस वर्ग सुटल्यावर ती मागे रेंगाळली.

"बाई, माझ्याकडे राजा नाही," ती अडखळत म्हणाली. "डॉक्टर आहे. सोमवारी."

"मग लेक येईल ना बरोबर?"

तिने छातीवर हात ठेवला. "इथे गाठ. लेक... लहान."

बाईंनी तिचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुस्तक कपाटात गेलं. बाईंनी टेबल आडवं लावलं, शिंपिणीची टेप स्टेथोस्कोपसारखी गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "मी डॉक्टर. चला, कुणाला काय होतंय?" एकटीवर नजरा नकोत, म्हणून सगळ्यांनाच रांगेत बसवलं.

ट्रकवाला घाईघाईत म्हणाला, "माझा गुडघा रडतो." खोलीत हशा पिकला.

"हसताय काय? मला कळलं ना? झालं तर मग!"

शिंपिणीने गाठीचं नाव न काढता खांदा दुखतो असं सांगितलं. कधीपासून? दाबल्यावर दुखतं? घरात आणखी कुणाला होतं? बाईंनी फिरून फिरून तेच प्रश्न विचारले. "समजलं नाही, हळू बोला" हे तर आठवडाभर रोज म्हणून घेतलं. "एवढं आलं की कुणाचं अडत नाही," त्या म्हणाल्या.

सोमवारी बाई दवाखान्यात सोबतीला गेल्या. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून लेकही आली होती. आईचं नाव पुकारताच लेक सवयीने उठली.

"तू बस," आई म्हणाली आणि एकटीच आत गेली.

पोरीचा चेहरा उतरला. "आईला नाही येत बोलायला. चुकेल ती."

"चुकू दे गं," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने दाराआडून खणखणीत आवाज आला, "समजलं नाही! हळू बोला!" लेकीने तोंडावर हात दाबला, पण हसू काही आवरेना.

तपासण्या झाल्या. दोन आठवड्यांनी कळलं, गाठ साधी आहे, काळजीचं कारण नाही. शिंपीण तो कागद घेऊन तडक वर्गात आली, आणि तिच्याआधी बाईंनाच रडू फुटलं.

तेव्हापासून बाई वर्गाच्या सुरुवातीला एकच विचारतात, "या आठवड्यात कुणाला कुठे जायचंय?" कुणाला नळ गळतो म्हणून घरमालकाला फोन करायचा असतो, कुणाला उसवलेला बूट बदलून हवा असतो. त्याचाच धडा होतो.

लेक मात्र काही दिवस फुरंगटून होती. दुकानात आईच्या आधी तीच उत्तर द्यायची. मग हळूहळू सवय सुटली. परवा शिंपीण पोस्टात निघाली तेव्हा पोर समोरच्या मैदानात दोरीवरच्या उड्या मारत होती.

"आई, मी येऊ का?" तिने लांबूनच विचारलं, आणि उत्तराची वाटही न बघता पुन्हा उड्या मारायला लागली.